बहात्तर पावलं

लेमहूक, १२ एप्रिल २०२४

सद्दामभाईला सलाम, भाभीला सलाम, तमन्नाच्या गालाला चिमटा.

परवा ईद झाली. मशीद शेजारच्या शहरात हाय, बसनं गेलो. एका मोरोक्कोच्या म्हाताऱ्यानं गळाभेट घेतली आणि खजूर दिला. शिरखुर्मा न्हाय मिळाला. असो.

तू फोनवर म्हणालास, "अन्या, तोंडी सांगितलेलं माझ्या टकुऱ्यात राहत न्हाय. रानाच्या खुणा कागदावर लिहून धाड, तितं जाताना खिशात टाकतो." म्हणून हे पत्र. आठवी नापासाचं अक्षर हाय, हसू नको. अब्बा होते तवर त्यांना महिन्याला एक पत्र टाकायचो, तेवढाच सराव.

तू इचारलंस मी राहतो ते गाव कसलं हाय. नऊ महिन्यांत पहिल्यांदा इचारलंस, म्हणून नीट सांगतो. बेल्जियम देशाच्या वरच्या अंगाला फ्लेमिश बोलणारी लोकं राहतात, तितं एका नदीच्या वळणावर हे लेमहूक. नावाचा अर्थ मातीचा कोपरा. भिगवणच्या निम्मंपण न्हाय. एक चर्च, एक शाळा, एक पंचायतीचं ऑफिस आणि एक धुराडं. पूर्वी चाळीस धुराडी होती म्हणतात. सगळं गाव विटांवर जगलं. जमिनीखाली निळसर करडी माती, भाजली की लालभडक. ह्या लोकांनी तीनशे वर्सं आपल्याच पायाखालची माती काढली, भाजली, नावंत भरून इकली. आता गावाच्या मागं पंधरा-पंधरा पुरुष खोल खड्डे हायत, पाण्यानं भरल्यात, त्यात बदकं. मधला रस्ता तेवढा उंच राहिला. त्यावरनं चाललं की बांधावरनं चालल्यागत वाटतं.

आणि नदी! समुद्र लांब हाय, तरी भरतीचं पाणी हितवर चढतं. दिवसातनं दोनदा वर, दोनदा खाली. आपल्या उजनीला जे करायला वरीस लागतं ते ही नदी सहा तासात करती. पाणी उतरलं की काठाचा गाळ उघडा पडतो आणि भाई, वास येतो तो आपला मे महिन्यातला वास. पहिल्या दिवशी मी तितंच बसून राहिलो. बस चुकली.

मी विटांच्याच कंपनीत हाय. चेकिंगचं काम. ठीक हाय.

आता तुझ्या कामाचं. औंदा पाणी लई खाली गेलंय म्हणतोस, म्हंजी आपलं बुडालेलं रान सगळं वर येणार. गाळात बांध न्हाय, दगड न्हाय, म्हाताऱ्यांच्या ध्यानातल्या खुणांवर ज्यानं त्यानं आपापलं रान पेरायचं, ही आपली रीत. तू मका टाकतो म्हणालास, टाक. उत्तरेला विहीर, दक्षिणेला ओढ्याची फरशी, पश्चिमेला संभाजी तात्याचं पडकं जोतं, पूर्वेला जुनी गाडीवाट. त्यातलं सगळं आपलं.

पण मक्याच्या आधी सलिमाफुफीला चुना. अब्बा गेल्यावरचा हा पहिला उन्हाळा हाय, चुकवू नको. कागदच हाय म्हणून सगळं लिहितो. फुफी म्हंजी अब्बांची धाकटी बहीण, सहा वर्सांची होती, तापानं गेली. ओढ्याला पूर, कबरस्तानापर्यंत नेता आलं न्हाय, म्हणून आज्जानं रानातच माती दिली. पुढच्या साली धरणाचं पाणी आलं. तवा आज्जानं अब्बांना हाताला धरून विहिरीपासनं मोजायला लावलं. "इस्माईल, तू मोज. तू जास्त दिस राहशील." अब्बा तवा दहाचे.

तर विहिरीच्या काठावर पूर्वेच्या कोपऱ्याला उभा राहा. पळसदेवच्या देवळाच्या शिखरावर नजर धर. सरळ बहात्तर पावलं चाल. तितं हातभर गाळ उकरलास की फुफीच्या डोक्याकडचा दगड लागंल. धुवायचा, चुना लावायचा, फातिहा पढायचा. पुन्हा पाणी येईल, पुन्हा गाळ बसंल, त्याचं काही न्हाय. आपण आपलं करायचं.

अब्बांच्या मातीला यायचं होतं. तिकीट मिळालं न्हाय, हे तुला दहांदा सांगून झालंय.

तुझा अनस


लेमहूक, १६ जून २०२४

सद्दाम,

हितं आज बकरीद, तुमच्याकडं उद्या. सलाम लिहायला हात होत न्हाय, समजून घे.

अविराजनं व्हिडिओ पाठवलाय. त्याला बोलू नको. लहानपणापासनं त्यानं आणि मी त्या पाण्यात मासं धरल्यात, त्याला राहवलं न्हाय. व्हिडिओत आपली विहीर हाय. विहिरीच्या पुढं पोकलेन हाय. पोकलेनच्या पुढं खड्डा हाय. अविराज मागनं बोलतोय, "अन्या, तुझ्या भावानं रान इकलं का काय रं? दीड महिना झाला डंपर चाललेत. गाळ पणदऱ्याकडं भट्टीला चाललाय, मोहनरावच्या. मातीच्या बदल्यात विटा ठरल्यात म्हणं."

मी तुला सतरा फोन केले. सतराव्याला कळलं की तू नंबर बंद करून टाकलाय माझा. म्हणून कागद. कागद बंद करता येत न्हाय.

मग नौशीनला फोन लावला. बहीणच ती, तिला खोटं जमत न्हाय. "भाईनं जळोचीत घर काढलंय," म्हणाली, आणि फोटो पाठवला. लाल भिंती खिडकीपर्यंत आल्यात. भाभी उभी हाय, तमन्ना विटांच्या ढिगावर चढलीय. पोरगी हसतीय. म्हणून फोटो पुसून टाकला न्हाय.

आता मला सांग. तू कधी रानात आलास का अब्बांसंगं? तू बारामतीला गॅरेजात, तुला उन्हाळ्यात सुट्टी न्हाय. मीच जायचो, चुन्याची बादली मीच धरायचो. मोहनरावला माती पाहिजे, पण दुसऱ्याच्या रानात पोकलेन घातलं तर आपल्या डाळजची लोकं टकुरं फोडतील, ही त्याला भीती. त्याला पक्की हद्द दाखवणारा माणूस पाहिजे होता. ती हद्द अब्बांच्या डोक्यात होती, आणि अब्बांच्या मागं माझ्या. तू मला नऊ महिन्यांत पहिल्यांदा आपणहून फोन केलास, "अन्या, जेवलास का" इचारलंस, "तुझं गाव कसं हाय" इचारलंस. मी गाढव, दोन पानं नदीवर लिहिली! तुला नदी नको होती. तुला गाडीवाट आणि फरशी पाहिजे होती. माझ्याच अक्षरातला कागद खिशातनं काढून तू पोकलेनवाल्याला बोट दाखवलंस.

चुना लावतो म्हणालास. त्याची शपथ न्हाय घेतलीस हे खरं. मीच मागितली न्हाय. सख्ख्या भावाकडं कोण मागतं?

हितं एक योस म्हणून म्हातारा हाय, अठ्ठ्याहत्तर वर्सांचा, भट्टीचा जुना मुकादम. मी त्याला योसआबा म्हणतो, त्याला वाटतं ते माझ्याकडचं मोठं पद हाय. रविवारी तो गावाचं म्युझियम उघडतो. एकच खोली. त्यात साचे, ढकलगाड्या, जुने फोटो. मला मोडकी भाषा येती, तो हळू बोलतो. त्यानं एक गोष्ट सांगितली. शंभर वर्सांमागं चर्चच्या जुन्या कबरस्तानाखाली चांगली माती लागली. भट्टीचा मालक म्हणाला, उकरा. मालक हरामखोरच होता. मजुराचं घर त्याचं, दुकान त्याचं, दारूचा गुत्तापण त्याचा, आणि मजुरांची पोरं अनवाणी ओल्या विटा उचलून वाळत घालायची. पण तसल्या माणसानंसुद्धा काम दोन महिने थांबवलं. पाद्रीनं यादी केली. एकेक कबर नावानिशी उघडली, हाडं पेटीत घातली, टेकडीवर नव्या जागी नेली. यादी अजून काचंखाली हाय. मी त्या काचंवर हात ठेवून उभा होतो, सद्दाम. परका माणूस, परकी मढी, तरी यादी केली.

आणि तू? आपली एकच होती. सहा वर्सांची.

अनस


लेमहूक, २५ ऑगस्ट २०२४

जनाब सद्दाम इस्माईल मुलाणी, मुक्काम जळोची,

तुमचं पत्र पोचलं. गॅरेजच्या पावतीच्या पाठीमागं लिहिलंय, पण लिहिलं ही मेहरबानी.

तुमचेच शब्द तुमाला परत लिहितो, म्हंजी मी बदलले असं म्हणू नका. "अन्या, मी काय सैतान न्हाय. तू लिहिल्याप्रमाणं विहिरीपासनं देवळाच्या रोखानं बहात्तर पावलं मोजली. दोनदा मोजली. उकरलं, दगड लागला न्हाय. तरी त्या जागंच्या चहूबाजूनं दहा-दहा हात सोडलं. पोकलेनवाला शिव्या देत होता, त्याला म्हणालो, हितं माझी फुफी हाय, हितं दात लावायचा न्हाय. चुना टाकला तसाच गाळावर. आता तितं मधोमध टेकाड उभं हाय, बघायचं तर ये. पण तू कशाला येशील? बापाच्या मातीला आला न्हाईस. जित्या माणसाला पाणी पाजलं न्हाईस आणि मला कबर शिकवतोस?"

बरोबर हाय. हे वाक्य मी आठ दिस खिशात घेऊन हिंडलो.

मग मीपण एक कबूल करतो. तिकीट मिळत होतं. कागद न्हाय माझ्याकडं. एजंटानं पोलंडची नोकरी सांगितली होती. तितं चार महिने कोंबड्या सोलल्या, मग मुदत संपली आणि मी हिकडं सरकलो. मला एका जागी बसवत न्हाय, हे तुला ठाऊकच हाय. हितं राहायच्या परवानगीचा अर्ज केलेला हाय. निकाल लागेस्तवर देश सोडला तर दार कायमचं बंद. अब्बा गेले त्या दिवशी मी विमानतळापर्यंत गेलो. आत गेलो न्हाय. बाहेर उभं राहून लोकांच्या बॅगा बघितल्या. संध्याकाळी कामावर गेलो.

चेकिंगचं कामपण न्हाय. जुनी घरं पाडतात, त्यांच्या विटा ढिगानं येतात. त्यांना चिकटलेला चुना छोट्या कुऱ्हाडीनं ठोकून काढायचा आणि विटा रचायच्या. जुन्या विटंला हितं नव्यापेक्षा मान हाय. दिवसभर टक, टक, टक. अब्बांना मी सायेब असल्याचं लिहायचो. ते पत्र शेजारच्या धोंडाबाईच्या पोराकडनं मोठ्यानं वाचून घ्यायचे, गावाला ऐकू जाईल असं. म्हणून लिहायचो.

पण माझ्या खोट्यानं कुणाची माती हलली न्हाय. तुमच्या खोट्यानं हलली. दहा हात सोडलं म्हणता. उपकार. उजनीत बेट केलंत पोराबाळांनी बघावं म्हणून. पण मका टाकतो म्हणून हद्द का इचारलीत, ह्याचा जबाब त्या पावतीवर कुठं हाय? पुढूनही बघितलं, मागनंही बघितलं. पुढं फक्त ऑइल बदलल्याचं लिहिलंय.

योसआबाला तुमचं पत्र वाचून दाखवलं. मोडक्या भाषेत जमंल तेवढं. तो मूळ लेमहूकचा न्हाय, पलीकडच्या वाडीचा. १९७७ साली सरकारनं तीन गावं मिळून एक पंचायत केली, नाव लेमहूकचं राहिलं. बाकी दोन गावांचे शिक्के मोडीत निघाले. योसआबानं आपल्या गावचा शिक्का त्या दिवशी कोटात घालून पळवला, अजून त्याच्या खणात हाय. नव्या पंचायतीत लिहिणारा कारकून त्याचा सख्खा भाऊ होता. अकरा वर्सं दोघं बोलले न्हाईत. मी इचारलं, मग कसं बोललात? म्हणाला, "आमच्याकडं पूर आला. त्याची शिडी माझ्याकडं होती."

आपल्याकडं पूरही आपल्या बाजूनं न्हाय.

अनस इस्माईल मुलाणी


लेमहूक, ३ नोव्हेंबर २०२४

भाई,

हे पत्र फाडू नको. पूर्ण वाच. मग फाड.

गुरुवारी परगावच्या एका पाडलेल्या शाळंच्या विटा आल्या. मी ठोकत होतो. एका विटंचा चुना निघाला आणि खाली पाऊल. माणसाचं. ओली असताना कुणीतरी वाळत घातलेल्या विटांवरनं पळालंय. पाच बोटं, टाच अर्धी. विटंपेक्षा पाऊल जरा लांब, म्हणून उरलेली टाच मागच्या विटंवर गेली असणार. मी वीट घेऊन योसआबाकडं गेलो. त्यानं चष्मा लावला, म्हणाला, "नऊ-दहा वर्सांचं पोर. मुकादमाची लाथ खाल्ली असणार ह्यानं." मी वीट जमिनीवर ठेवून गंमत म्हणून तिच्याशेजारी माझा बूट ठेवला. म्हातारा हसला. "तुझ्या एका ढांगंत ह्याच्या दोन झाल्या असत्या."

भाई, मला विहिरीपासनं चालणारे अब्बा दिसले.

तू कधी आला न्हाईस, म्हणून तुला ठाऊक न्हाय. अब्बा विहिरीपासनं मोजत निघाले की रानातली सगळी माणसं काम सोडून बघायची. एवढा उंच माणूस, आणि बारकी बारकी पावलं टाकायचा. हात मागं, मान खाली, ओठांनी आकडा. संभाजी तात्या दर साली तीच थट्टा करायचा, "काय इस्माईल, शाळंला चाललास का रं? पाटी कुठं हाय?" सगळी हसायची. अब्बापण हसायचे, पण पाऊल लांब टाकायचे न्हाईत. का, ते मी एकदाच इचारलं. म्हणाले, "मोजलं तवा मी एवढाच होतो. आता मोठा झालो म्हणून ती पुढं सरकली का?"

ती बहात्तर पावलं अब्बांची होती. दहा वर्सांच्या अब्बांची.

मला हे ठाऊक होतं. दर साली मागं बादली घेऊन मी तीच पावलं बघत चाललो. आणि तुला लिहिलं काय, तर बहात्तर. कुणाची, ते लिहिलंच न्हाय. मला वाटलं, सांगायची गरज काय. आपल्या घरात अब्बांची चाल कुणाला ठाऊक न्हाय? तुला न्हाय, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. तू गॅरेजात होतास. तुझा तरी काय दोष त्यात.

विटांच्या वखारीत जागा मोठी हाय. मी भिंतीपासनं माझी बहात्तर चाललो, खडूनं रेघ मारली. परत आलो. मग अब्बांसारखी चाललो. चालताना आपोआप हात मागं गेले. बहात्तराव्याला थांबलो, तर ती जागा माझ्या चाळिसाव्या पावलाला. मधे बत्तीस पावलांचं अंतर. तू माझ्यापेक्षा उंच हायस, तुझं आणखी पुढं.

म्हंजी तू सोडलेल्या टेकाडाखाली फुफी कधीच नव्हती. दगड लागणार कसा? ती अलीकडं होती. तुझा पोकलेन अलीकडचं सगळं घेऊन गेला. ती पणदऱ्याला गेली, भट्टीत गेली. आणि तितनं तुझ्या भिंतीत.

हे तुला लिहावं का न लिहावं, तीन दिस घातले. न लिहिता राहिलो असतो तर तुझ्यावर चिडायला सोपं गेलं असतं. मी अजून चिडलेला हाय, ते सांगून ठेवतो. तू मका म्हणालास आणि मातीचा सौदा केलास. माझ्या तोंडातनं अब्बांच्या खुणा काढून घेतल्यास. त्याची माफी आज तरी माझ्याकडं न्हाय. पण फुफी गेली ती एकट्या तुझ्यानं न्हाय. अर्धी माझ्या अक्षरानं गेली.

आता पुढचं. मागं मी यादीचं लिहून तुला टोचलं होतं. ती यादी पूर्ण न्हाय, भाई. योसआबानं ह्या शुक्रवारी सांगितलं. दोन नावं आणि त्यांच्यापुढं रिकामी जागा. दोन कबरी सापडल्याच न्हाईत. खड्डा मात्र पूर्ण खणला गेला. त्या सालच्या विटांची गावाची शाळा बांधली. परवा एक नोव्हेंबरला हितं मढ्यांचा सण होता. सगळं गाव टेकडीवर गेलं, कबरीकबरीवर शेवंतीची कुंडी. योसआबाचे आई-बाप तितंच पुरल्यात, तो तितं गेला. पण जाताना एक कुंडी शाळंच्या भिंतीपाशी ठेवून गेला, मोकळ्या भिंतीपाशी. मी इचारलं, हितं कोण? त्यानं भिंतीवर दोनदा थाप मारली, ओळखीच्या माणसाच्या पाठीवर मारतात तशी. "त्या दोघी. कुठल्या विटंत ते म्हाईत न्हाय, म्हणून सगळ्या भिंतीला."

म्हणून तुला सांगतो. घर पाडू नको. भाभीला सांगू नको, ती झोपणार न्हाय त्या घरात. फोटोतली जी भिंत, जिच्यापुढच्या विटांच्या ढिगावर तमन्ना चढली होती, तिला बाहेरनं प्लास्टर करू नको, रंग देऊ नको. मे महिना आला की चुना लाव. दोन हात. पहिला ओला असताना दुसरा देऊ नको, पोपडे धरतात. अब्बा असाच लावायचे. मग फातिहा पढ. कुणी इचारलं तर सांग, चुन्यानं घर गार राहतं. ते खरंपण हाय.

मला यायला जमंल तवा मी येईन. तवर एक काम तुझ्याकडं देतो. मका-बिका न्हाय, खरं काम हाय. तमन्ना आता सात वर्सांची झाली. तिला उंबऱ्यावर उभी कर आणि त्या भिंतीपर्यंत चालत मोजायला लाव. घाई करू नको तिला. आकडा मला लिहून धाड.

आणि कुणाची पावलं, ते लिही.

तुझा
अन्या